तोंड आणि वाट

बनशंकरीतील आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर रोज सकाळी एक मध्यमवयीन गृहस्थ हातात लोखंडी दांडी घेऊन एका जाळीपुढे उभा असतो. तो कमरेत किंचित वाकतो, दांडी उजव्या खांद्यामागे नेतो, क्षणभर थबकतो, आणि मग अंगात काही संचारल्याप्रमाणे ती खाली आणतो. हा प्रकार तो चाळीस-पन्नास वेळा करतो. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी प्रारंभी हा काही नवसाचा विधी असावा असा तर्क केला होता. अम्माच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाविषयी असा तर्क होणे स्वाभाविकच होते. तो गृहस्थ म्हणजे आम्ही, आणि तो विधी म्हणजे गोल्फच्या फटक्याचा सराव, हे सांगावयास आम्हांस आजही थोडा संकोच वाटतो.

संकोचाचे कारण उघड आहे. आमचा जन्म मिरजेतील एका जुन्या वाड्यातला. तेथे खेळ म्हणजे विटीदांडू, लगोरी आणि पावसाळ्यात पत्ते. गोल्फ आमच्या वाट्यास आला तो वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आणि तोही आवडीने नव्हे. बदली होऊन या शहरी आलो तेव्हा वरिष्ठांनी एकदा सहज विचारले, ‘आपण गोल्फ खेळता का?’ आम्ही उत्तर दिले, ‘शिकतो आहे.’ त्या क्षणापर्यंत आम्ही गोल्फचा चेंडू हातातही धरला नव्हता. परंतु परमुलखातील सरकारी नोकरीत ‘नाही’ हा शब्द उच्चारण्याची सवय हळूहळू मोडत जाते, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

शहराला मात्र हा खेळ नवा नाही. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. बंगलोर गोल्फ क्लब त्यानंतरचा असला तरी १८७६ सालचा आहे. याच शहरात वाढलेल्या अदिती अशोक हिने २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळविले. केवळ एका फटक्याने तिचे पदक हुकले. अनिर्बन लाहिरी याचा जन्म १९८७ साली पुण्याचा. वडील लष्करात डॉक्टर, तेव्हा बदल्यांची बिऱ्हाडे त्यानेही पाहिलेली, आणि पुढे तो या शहराचा झाला. आम्ही या दोघांची नावे घेतो ती केवळ भक्तिभावाने. आमचा स्वतःचा पराक्रम असा की, पहिल्या सहा महिन्यांत आमचा प्रत्येक चेंडू सरळ निघाल्यासारखा करी आणि अर्ध्या वाटेवर, काही विसरल्याचे आठवावे त्याप्रमाणे, उजवीकडे वळून झाडीत शिरे. जाणकार त्याला ‘स्लाइस’ म्हणतात. आम्ही त्याला दैव म्हणत असू.

पण दैवाला कारणे असतात, हे आम्हांस एका वृद्ध शिक्षकाने शिकविले. बालपणी त्यांनी साहेबलोकांच्या पिशव्या वाहिल्या आणि पाहून पाहून खेळ आत्मसात केला. आता सत्तरी उलटली आहे. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो, ते आम्हांस ‘सार’ म्हणतात. आमचे कानडी अपुरे, त्यांचे हिंदी त्याहून अपुरे. त्यामुळे आमचा विद्याभ्यास बहुतांशी खुणांनी चालतो. पहिल्या दिवशी त्यांनी आमचे दहा फटके निमूटपणे पाहिले आणि एकच शब्द उच्चारला : ‘निधान’. आम्ही चमकलो. आपल्या भाषेत निधान म्हणजे ठेवा, पुरलेले धन. कानडीत मात्र निधान म्हणजे सावकाश. एकच संस्कृत शब्द कृष्णेच्या दक्षिणेस जाऊन असा अर्थ बदलतो, याचे आम्हांस कौतुक वाटले; चेंडू मात्र त्या कौतुकाने सरळ गेला नाही.

या फटक्याचे शास्त्र थोडक्यात असे आहे. खेळणारा चेंडूच्या बाजूस उभा राहतो, चेंडूच्या डोक्यावर नव्हे. म्हणून क्लबची दांडी उभी नसते, तिरकी असते. सात नंबरच्या क्लबची दांडी जमिनीशी साधारण बासष्ट अंशांचा कोन करते. अशी तिरकी दांडी माणसाभोवती फिरू लागली की तिच्या टोकाने आखलेले वर्तुळही तिरके पडते. भिंतीला टेकून ठेवलेले गाडीचे चाक डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झाले. या कलत्या पातळीला भूमितीत प्रतल म्हणतात. अमेरिकेचा थोर खेळाडू बेन होगन याने १९५७ सालच्या आपल्या पुस्तकात तिच्यासाठी एक चित्र दिले आहे : चेंडूपासून निघून खांद्यांवर टेकलेली एक भली मोठी काच, आणि तिच्या भोकातून वर आलेले खेळाडूचे डोके. हात वर जाताना काच फुटता कामा नये. खाली येताना तर ती काच आणखी थोडी आडवी होते, आणि क्लबने तिच्या खालून, आतल्या बाजूने चेंडूकडे यावयाचे असते. तिरक्या वर्तुळावरून फिरणारे क्लबचे डोके आतून येते, चेंडूपाशी क्षणभर नेमाच्या रेषेवर असते, आणि पुन्हा आत वळते. सरळ रेषेत ते कधीच फार वेळ चालत नाही. सरळ जावयाचे असते ते चेंडूने.

आमचे चुकत होते ते येथेच. मिरजेच्या विटीदांडूने आमच्या खांद्यांत एक सवय भरून ठेवली होती. हवेत उडालेल्या विटीवर दांडू वरून, बाहेरून, खांद्याच्या जोराने आणावा लागतो. तोच खांदा गोल्फमध्ये आधी धावे, क्लबला काचेच्या बाहेर ढकली, आणि क्लब चेंडूला बाहेरून आत कापत जाई. मास्तरांनी उपाय म्हणून चेंडूच्या पलीकडे चार बोटांवर जोड्यांचे एक रिकामे खोके ठेवले. क्लब बाहेरून आला की खोके उडे. पहिल्या आठवड्यात आम्ही तीन खोकी फाडली. मास्तर खोके उचलून पुन्हा जागेवर ठेवीत, आमच्या डाव्या पावलाकडे बोट दाखवीत, आणि म्हणत, ‘निधान’. हळूहळू उमगले की उतरण्याची सुरुवात खांद्याने करावयाची नसते. आधी भार डाव्या पायावर यावा, कंबर वळावी, मग हात आपोआप खाली पडतात आणि क्लब काचेखाली येतो.

परंतु याहून खोल गोष्ट पुढे होती. चेंडू कोठे जाणार हे दोन गोष्टी ठरवितात : आघाताच्या क्षणी क्लबची वाट कोणती होती, आणि क्लबचे तोंड कोणीकडे होते. चेंडू वाटेच्या दिशेने सुटतो आणि नंतर तोंडाच्या दिशेस वळतो, असे पूर्वीचे पुष्कळ शिक्षक सांगत. ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ या १९६८ सालच्या पुस्तकात कॉक्रन आणि स्टॉब्ज यांनी प्रयोगांती निराळे सांगितले, आणि या शतकातील रडारच्या यंत्रांनी ते सर्वांच्या गळी उतरविले. चेंडू सुटतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेने. मग वाट आणि तोंड यांची दिशा एक असेल तर तो सरळ जातो. त्यांत जितके अंतर असेल तितका तो वाटेपासून दूर, तोंडाच्या अंगाला वाकत जातो. तोंड एकीकडे आणि वाट दुसरीकडे, एवढाच काय तो आमच्या झाडीत गेलेल्या चेंडूंचा इतिहास.

आणि हे दुरुस्त करावयास वेळ किती असतो? वरून खाली येण्यास क्लबला सुमारे पाव सेकंद लागतो. डोळ्याने पाहून हाताने वळण घेण्यास माणसाला जवळजवळ तितकाच वेळ लागतो. प्रत्यक्ष आघात तर सेकंदाचा दोनहजारावा भाग टिकतो. तेवढ्यात आमच्यासारख्याचा क्लब आणि चेंडू एकमेकांस चिकटून दोन सेंटिमीटर चालतात. त्या दोन सेंटिमीटरांत कोणाचीही हुशारी चालत नाही. तरीही आम्ही ती चालवू पाहत असू. क्लब चेंडूजवळ आला की मनात धास्ती उठे, हात आखडत, आणि चेंडूला जपून, हाताने धरून न्यावे तसे आम्ही क्लबला आवरीत असू. त्या जपण्यानेच तोंड उघडे राही. शिवाय चेंडू उजवीकडे जातो म्हणून आम्ही आणखी डावीकडे मारू लागलो, म्हणजे वाट आणखी वाकडी झाली आणि चेंडू आणखी वळू लागला. मास्तर हे पाहून एकदाच हसले. चेंडूवर बोट ठेवून त्यांनी मान हलविली. मग चेंडूच्या पुढे हातभर अंतरावर जमिनीवर बोट टेकविले. अर्थ असा की, फटका चेंडूपाशी संपत नाही. क्लबने त्याच प्रतलावरून तेथपर्यंत जावे. चेंडू वाटेत आहे, एवढेच.

आता थोडे घराकडे वळू. या बिऱ्हाडी आमची आई आमच्यापाशी होती. वय एक्याऐंशी. वडील गेल्यावर काही वर्षे ती मिरजेस दादांकडे राहिली आणि नंतर आमच्याकडे आली. बनशंकरी आमची कुलदेवता. तिचे मूळ ठाणे बदामीजवळचे. बेंगळुरातील हे देऊळ १९१५ सालचे, कनकपुरा रस्त्यावर. आपली कुलदेवता वसतीच्या नावातच भेटावी, मेट्रोच्या स्थानकावरही तिचेच नाव असावे, याचे आईला इतके अप्रूप की परक्या मुलखात आल्याची तक्रार तिने कधी केली नाही. एक गोष्ट मात्र तिला प्रथम अवघड गेली. आपल्याकडे राहुकाळात कोणी शुभकार्य काढीत नाही. येथे नेमक्या राहुकाळातच अम्माची पूजा होते आणि मंगळवारी, शुक्रवारी, रविवारी बायका लिंबाचे दिवे लावतात. आई चार आठवडे नुसती पाहत राहिली. पाचव्या आठवड्यात तिने आम्हांस लिंबे आणावयास सांगितली.

लिंबाचा दिवा करणे दिसते तितके सोपे नाही. लिंबू आडवे चिरावयाचे, रस काढून टाकावयाचा, आणि मग उरलेली वाटी दोन्ही अंगठ्यांनी मागून दाबून उलटी करावयाची. म्हणजे पिवळी साल आत जाते, पांढरा भाग बाहेर येतो, आणि तूप-वात ठेवण्यापुरती खोलगट जागा होते. आम्ही एकदा करून पाहिले, तर लिंबू टरकन फाटले. आई म्हणाली, ‘अर्ध्यावर थांबलास की फाटतं. एकदा दाबलं की दाबलं.’ तिचे हात कापत असत. चहाची कपबशी वाजल्याशिवाय आमच्यापर्यंत येत नसे. पण लिंबू उलटण्याच्या त्या एका क्षणी ते कापत नसत. फाटलेले लिंबू तिने आमच्या हाती देऊन म्हटले, ‘हे तुझ्या काठीनं मार. देवीला चालायचं नाही.’ लिंबू आणि गोल्फचा चेंडू आकाराने जवळजवळ सारखेच, हे तिने आमच्या आधी हेरले होते.

गेल्या आश्विनात आमच्या बदलीचा हुकूम आला : शिलाँग. तेथेही जुने गोल्फचे मैदान आहे, ही एक गोष्ट सोडली तर हुकमात आमच्या सोयीचे काही नव्हते. पाच हजार फुटांची उंची, थंडी, पाऊस. आणि आईला दमा. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. तिला दादांकडे जावे लागणार हे उघड होते. तेथे तिची पूर्वीची खोली आता नातवाच्या अभ्यासाची झाली होती. वहिनींचे आणि तिचे वितुष्ट नव्हते. परंतु एका स्वयंपाकघरात दोघी फार दिवस रमत नसत, हे दोघींनाही ठाऊक होते.

आम्ही आईला म्हणालो, ‘थंडीपुरती मिरजेला जाऊन येतेस का? हवापालट होईल.’

हुकूम आमच्या खिशात होता. आई म्हणाली, ‘बरं.’ दोन दिवसांनी तिने विचारले, ‘माझी समई न्यायची, का इथंच असू दे?’

ही समई तिच्या लग्नातली, पितळेची, दोन पुरुष उंचीच्या माणसासही जड वाटावी अशी नव्हे, पण प्रवासात अडचणीची खासच. महिन्या-दोन महिन्यांसाठी कोणी समई बरोबर नेत नाही. प्रश्न साधा होता आणि त्यात सर्व काही विचारलेले होते. आम्ही म्हणालो, ‘बघू.’ आठवड्याने तिने पुन्हा विचारले, आणि आम्ही विषय रेल्वेच्या आरक्षणावर नेला. मग तिच्या औषधांवर नेला. जितका प्रश्न जवळ येई तितके आम्ही दूर नेम धरीत गेलो. असे सहा आठवडे गेले. त्या काळात गच्चीवर आमचे चेंडू जाळीच्या उजव्या कोपऱ्यात आदळत, आणि मास्तर रविवारी सकाळी खोके पुन्हा जागेवर ठेवीत.

एका रविवारी मैदानावर त्यांनी आमचा क्लब मधेच हाताने धरला आणि त्याचे तोंड आम्हांस दाखविले. मग दुसऱ्या हाताने क्लबच्या वाटेची रेष हवेत काढली. तोंड उजवीकडे, वाट डावीकडे. कानडीत ते काही बोलले, ते आम्हांस समजले नाही. समजण्याची गरजही उरली नव्हती. सहा आठवडे आमच्या बोलण्याचे तोंड ‘जाऊन ये’ म्हणत होते आणि वाट ‘जा’ म्हणत होती. तिला दुखवू नये म्हणून आम्ही हात आखडतो अशी आमची समजूत होती. खरे म्हणजे तिचा चेहरा आम्हांस पाहावा लागू नये म्हणून आम्ही ते करीत होतो.

त्याच दुपारी, साडेचारच्या राहुकाळाआधी, आई खाली बसून लिंबे चिरीत होती. आम्ही समोर पाटावर बसलो.

‘आई, समई घेऊन जा,’ आम्ही म्हणालो.

तिने मान वर केली नाही. आम्हांस तेथेच थांबावेसे वाटले. शब्द तर बाहेर पडले होते. परंतु फटका चेंडूपाशी संपत नाही. म्हणून पुढचेही सांगितले : की बदली शिलाँगला झाली आहे, हुकूम दीड महिन्यापासून आमच्यापाशी आहे आणि आम्ही तो लपविला, निवृत्तीला तीन वर्षे आहेत आणि तोवर तिला आमच्याकडे आणता येईलसे वाटत नाही, दादांना सर्व सांगितले आहे, आणि नातवाने खोली रिकामी केली आहे, पण ती पूर्वीसारखी तिची असणार नाही. ‘दर तीन महिन्यांनी येत जाईन’ हे वाक्य जिभेवर आले होते. ते पाळता येईल याची खात्री नव्हती, म्हणून गिळले.

आईने हातातले लिंबू उलटे केले. फाटले नाही. मग म्हणाली, ‘मला वाटलं होतं, गाडी सुटताना सांगशील. तुझ्या वडिलांनी तसंच केलं असतं.’ आणि थोड्या वेळाने, ‘निदान आता बांधाबांध तरी नीट करता येईल. समईला जुनी साडी गुंडाळावी लागेल.’ ती रडली, पण ते रात्री, आणि आम्ही जागे आहोत हे तिला माहीत नव्हते. देवळातून येताना मात्र तिने आमचा हात धरला होता, आणि तो कापत होता. तिचा की आमचा, हे सांगणे कठीण.

मार्गशीर्षात आम्ही तिला मिरजेस पोचवून आलो. पौषातील शाकंभरी नवरात्र तिने तेथेच केले. फोनवर ती सांगते की मिरजेची लिंबे जाड सालीची आहेत, नीट उलटत नाहीत. वहिनी आता तिच्यासाठी मंडईतून पातळ सालीची शोधून आणतात, हेही सांगते. खोलीविषयी सांगत नाही, आणि आम्ही विचारले तर ‘आहे ठीक’ म्हणते. त्या ‘ठीक’चे तोंड कोणीकडे आणि वाट कोणीकडे, हे आम्हांस आता ऐकू येते. वारसा दोन्ही अंगांनी आलेला दिसतो.

या महिनाअखेर आम्ही हे घर सोडू. वाचकांपैकी कोणास वाटेल की त्या रविवारपासून आमचा चेंडू सरळ जाऊ लागला असेल. तसे काही झाले नाही. चाळिसांपैकी दहा-बारा सरळ जातात, बाकीचे आपल्या जुन्या मार्गाने. पण जे सरळ जातात ते हाताला कळतात. त्यांत आघात असा जाणवतच नाही, क्लब चेंडूतून पुढे निघून गेलेला असतो. काल मास्तरांचा निरोप घ्यावयास गेलो. त्यांनी जोड्यांचे एक खोके आम्हांस भेट दिले, कोपऱ्यावर एकदा ठोकर बसून चेपलेले. म्हणाले, ‘निधान, सार.’ आम्ही तो शब्द या वेळी दोन्ही भाषांत ऐकला.